किशोरांचे बायबल अध्ययन

बायबल हा ख्रिस्ती धर्माचा पवित्र ग्रंथ साधारणपणे ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींना स्वतः वाचता यावा आणि त्याचा अर्थ त्यांना उमगावा, या हेतूने घर, चर्च व शाळा यांमधून केले जाणारे अध्यापन. लहान मुलांना बायबलमधील कथा सांगितल्या जातात, तर प्रौढांना उपासनेतील प्रवचनांतून ग्रंथाचे विवेचन ऐकावयास मिळते. या दोहोंच्या मधल्या वयातील मुलाची गरज निराळी असते. नोहाचे तारू, दावीद व गल्याथ, योना व मोठा मासा या कथा त्याला ठाऊक असतात. परंतु त्या ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ त्याने स्वतः क्वचितच वाचलेला असतो. नेमके याच वयात ‘हे खरोखर घडले काय’, ‘देव असे का सांगतो’ यांसारखे प्रश्न त्याला पडू लागतात. कथा ऐकण्याकडून ग्रंथ वाचण्याकडे होणारे हे संक्रमण साधले नाही, तर बालपणीच्या इतर गोष्टींबरोबर बायबलही मागे पडण्याचा संभव असतो. पाठ केलेले उत्तर आणि स्वतःला पडलेला प्रश्न यांपैकी कशाला प्राधान्य द्यावयाचे, हा वाद या विषयाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

ग्रंथाचे स्वरूप व वाचकाच्या अडचणी : बायबल हे एक पुस्तक नसून अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी ६६, तर रोमन कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके मानली जातात. हिब्रू, काही अंशी ॲरेमाइक आणि ग्रीक या भाषांतील हे लेखन अनेक शतकांच्या कालावधीत झाले. त्यात इतिहास, कायदा, काव्य, नीतिवचने, भविष्यवाद, दाखले, पत्रे आणि प्रकटीकरणात्मक दृष्टान्त असे भिन्न वाङ्‌मयप्रकार आढळतात. हा भेद लक्षात न घेता पहिल्या पानापासून क्रमाने वाचू लागणारा किशोर उत्पत्ती व निर्गम यांच्या पूर्वार्धातील कथाभाग आवडीने वाचतो. मात्र निवासमंडपाची मापे आणि लेवीय पुस्तकातील यज्ञबलींचे नियम सुरू होताच त्याचे वाचन बहुधा थांबते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन याच्या नावाने रूढ झाली, तर नव्या कराराचे क्रमांकित वचनांतील विभाजन रॉबेअर एत्येन याने १५५१ मध्ये केले. या क्रमांकांमुळे संदर्भ शोधणे सुलभ झाले. परंतु एकेक वचन सुटे काढून पाठ करण्याची सवयही त्यामुळे बळावली आणि वचनाचा मागचापुढचा संबंध दृष्टीआड होऊ लागला.

पूर्वपीठिका : मुलांना धर्मशास्त्र शिकविण्याची ख्रिस्ती परंपरा ज्यू धर्मातून आलेली आहे. देवाच्या आज्ञा घरीदारी मुलांच्या मनावर बिंबवाव्यात, असा आदेश अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. मिश्ना या ग्रंथातील एका वचनात पाचव्या वर्षी शास्त्रपठन, दहाव्या वर्षी मिश्ना आणि तेराव्या वर्षी आज्ञापालनाची जबाबदारी असा वयानुरूप क्रम दिलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकताना व त्यांना प्रश्न विचारताना दिसतो. किशोरांच्या अध्ययनाचा पुरस्कार करणारे लेखक या प्रसंगाचा आवर्जून उल्लेख करतात. कारण तेथे मूल केवळ उत्तरे देत नाही, तर प्रश्नही विचारते.

कोणत्या वयात काय वाचावे, याचा विचारही जुना आहे. संत जेरोम याने सु. ४०३ मध्ये लीटा या रोमन स्त्रीला तिच्या मुलीच्या शिक्षणाविषयी लिहिलेल्या पत्रात वाचनाचा क्रम सुचविला. त्यानुसार आरंभी स्तोत्रसंहिता, मग नीतिसूत्रे, उपदेशक व ईयोब, त्यानंतर शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये व पत्रे, पुढे संदेष्टे व इतिहासविषयक पुस्तके आणि सर्वांत शेवटी गीतरत्न वाचावे. ग्रंथातील पुस्तकांचा क्रम हाच शिकणाऱ्याचा क्रम असला पाहिजे असे नाही, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य केलेले दिसते.

मध्ययुगात सामान्य मुलांना बायबलचा परिचय मुख्यतः चित्रे, काचचित्रे, धार्मिक नाटके व सण यांतून होत असे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीने लोकभाषेतील बायबल आणि साक्षरता यांना महत्त्व दिले. मार्टिन ल्यूथरची लघू प्रश्नोत्तरी १५२९ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅथलिक पंथात पीटर कनीसियसच्या प्रश्नोत्तरी (१५५५–५८) व ट्रेंट परिषदेनंतरची रोमन प्रश्नोत्तरी (१५६६) प्रचारात आल्या. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघू प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. या पद्धतीत प्रश्न ग्रंथकाराचा असे व उत्तरही त्याचेच असे; विद्यार्थ्याने ते पाठ करावयाचे असे. जर्मन शिक्षक योहान ह्यूब्नर याने १७१४ मध्ये जुन्या व नव्या करारांतील प्रत्येकी ५२ निवडक कथांचे पुस्तक तयार करून प्रत्येक कथेखाली प्रश्न, बोध व पद्यरूप चिंतन दिले. आठवड्याला एक कथा ही त्याची योजना दीर्घकाळ अनुकरणीय ठरली.

रविवारची शाळा : या अध्यापनाला व्यापक संस्थात्मक रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मिळाले. हाय विकम येथे हॅना बॉल हिने १७६९ मध्ये अशी शाळा चालविली होती. तथापि चळवळीचे श्रेय प्रामुख्याने ग्लॉस्टर येथील वृत्तपत्रचालक रॉबर्ट रेक्स (१७३६–१८११) याला दिले जाते. आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी त्याने १७८० मध्ये रविवारी वर्ग सुरू केले. तेथे बायबल हेच वाचन शिकण्याचे साधन होते. अक्षरओळख आणि धर्मज्ञान ही दोन्ही एकाच पुस्तकातून होत. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर साक्षरतेचे काम दैनिक शाळांकडे गेले आणि रविवारच्या शाळेकडे केवळ धर्मशिक्षण उरले.

एकोणिसाव्या शतकात वचने पाठ करणाऱ्या मुलांना रंगीत तिकिटे व पुस्तके बक्षीस देण्याची प्रथा रूढ होती. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयर (१८७६) या कादंबरीत तिची थट्टा आढळते. अदलाबदलीने तिकिटे मिळवून बायबल पटकावणाऱ्या टॉमला पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारली असता तो दावीद व गल्याथ ही नावे सांगतो. पाठांतर आणि आकलन यांतील अंतरावर हा प्रसंग नेमके बोट ठेवतो. अमेरिकेत १८७२ मध्ये समान पाठमालेचा स्वीकार झाला. एका रविवारी सर्व वयांच्या वर्गांनी एकच उतारा अभ्यासावा आणि सात वर्षांत बायबलची एक आवृत्ती पुरी करावी, अशी ती योजना होती. कुटुंबातील सर्वांना एकाच पाठावर बोलता येई, हा तिचा गुण होता. मात्र सहा व सोळा वर्षांच्या मुलांना एकच उतारा शिकविणे गैरसोयीचे ठरू लागले. परिणामी १९०८ मध्ये वयानुरूप श्रेणीबद्ध पाठमालेस मान्यता देण्यात आली. सुट्टीतील बायबल शाळांचा आरंभही याच सुमारास न्यूयॉर्क येथे झाला.

मानसशास्त्रीय विचार : जी. स्टॅन्ली हॉल याच्या पौगंडावस्थेवरील ग्रंथाने (१९०४) या वयाच्या स्वतंत्र अभ्यासाला चालना दिली. पुढे झां प्याजे याच्या बौद्धिक विकासविषयक सिद्धांताच्या आधारे ब्रिटिश संशोधक रॉनल्ड गोल्डमन याने ६ ते १७ वर्षे वयाच्या २०० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि आपले निष्कर्ष १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. मोशे व जळते झुडूप, तांबड्या समुद्रातून झालेली सुटका आणि येशूची परीक्षा या तीन कथा त्याने वापरल्या. मोशेला देवाकडे पाहण्याचे भय का वाटले, येशूने धोंड्यांच्या भाकरी का केल्या नाहीत, असे प्रश्न तो विचारी. लहान मुले अशा कथा शब्दशः व मूर्त पातळीवर घेतात आणि रूपकात्मक वा अमूर्त अर्थ समजण्याची क्षमता बहुधा तेराव्या वर्षाच्या आसपास येते, असे त्याला आढळले. बायबल हे मुळात मुलांसाठी लिहिलेले पुस्तक नाही; अकाली शिकविल्यास चुकीच्या कल्पना दृढ होतात व पुढे त्याच अस्वीकाराचे कारण बनतात, असे त्याचे मत होते.

गोल्डमनच्या प्रतिपादनावर बरीच टीका झाली. निवडलेल्या तिन्ही कथा अद्‌भुताशी निगडित होत्या. योग्य उत्तर ठरविताना त्याची स्वतःची धर्मशास्त्रीय भूमिका डोकावत होती. तसेच श्रद्धा ही केवळ तर्काची बाब नसून तीत भावना, उपासना व सहवास यांचाही वाटा असतो, असे आक्षेप घेण्यात आले. अमेरिकन अभ्यासक जेम्स फाउलर याने १९८१ च्या आपल्या ग्रंथात किशोरवयीनाची श्रद्धा त्याच्या निकटच्या माणसांच्या अपेक्षांशी जोडलेली असते, असे दाखविले. त्यामुळे या वयात शिकविणारी व्यक्ती आणि समवयस्कांचा गट यांना पाठाइतकेच महत्त्व येते. या वादांतून एक गोष्ट मात्र सर्वमान्य झाली : लहानपणी ऐकलेली कथा किशोरवयात पुन्हा, नव्या प्रश्नांसह वाचली गेली पाहिजे.

अध्यापनाच्या पद्धती : पहिली पायरी म्हणजे वाचावयाच्या उताऱ्याचा वाङ्‌मयप्रकार ओळखणे. हे गीत आहे की हकीकत, दाखला आहे की पत्र, कोणी कोणास उद्देशून लिहिले, हे विद्यार्थ्याने प्रथम शोधावे अशी अपेक्षा असते. स्तोत्रांत नद्या टाळ्या वाजवितात, ही काव्याची भाषा आहे हे मुलाला सहज कळते. तीच दृष्टी इतर उताऱ्यांनाही लावण्यास त्याला शिकवावे लागते. दुसरी पायरी स्थळकाळाची. नकाशा, कालपट, त्या काळातील शेती, नाणी, कर व चालीरीती यांची माहिती नसल्यास अनेक उतारे अर्थहीन वाटतात.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक, अध्याय १०) हे याचे बोलके उदाहरण होय. लहान मुलाला त्यातून संकटात सापडलेल्यास मदत करावी हा बोध मिळतो व तो पुरेसाही असतो. किशोराला मात्र त्यापुढे जाता येते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवर, तर यरीहो समुद्रसपाटीखाली सु. २५० मी. वसलेले आहे, त्यांमधील सु. २५ ते ३० किमी.चा ओसाड उतार लुटारूंना सोयीचा होता. याजक आणि लेवी हे मंदिराच्या सेवेतील प्रतिष्ठित लोक, तर शोमरोनी हे ज्यूंच्या दृष्टीने तिरस्करणीय होते. ऐकणारे सर्व ज्यू असताना कथेचा नायक शोमरोनी ठरावा, यात त्या कथेची धार आहे. शिवाय ‘माझा शेजारी कोण’ असा मूळ प्रश्न असून येशू शेवटी त्याऐवजी ‘या तिघांपैकी शेजारी कोण ठरला’ असा प्रश्न विचारतो. प्रश्नातील हा पालट विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला, तर आपल्या गावातील कोणता माणूस त्या जागी कल्पिणे आपल्याला जड जाईल, या विचाराकडे तो आपोआप वळतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात (मत्तय, अध्याय २०) दिवसभर राबलेल्यास व अखेरच्या तासाला आलेल्यास सारखीच मजुरी मिळते. न्यायाबद्दल अत्यंत जागरूक असलेल्या या वयातील मुले त्यास हटकून हरकत घेतात. दाखल्यातील पहिले मजूरही तशीच कुरकुर करतात, हे दाखवून देऊन शिक्षक त्यांची हरकत दडपण्याऐवजी तिच्यामधूनच पाठ पुढे नेऊ शकतो.

तिसरी पद्धत तुलनेची. येशूच्या जन्माची हकीकत मत्तय व लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे; मागी लोक केवळ पहिल्यात, तर मेंढपाळ केवळ दुसऱ्यात आढळतात आणि मागी तिघे होते असे कोठेच म्हटलेले नाही. नाताळच्या देखाव्यात एकत्र दिसणारी ही पात्रे ग्रंथात कोठे कोठे आहेत, हे मुलांनी स्वतः शोधावे, असा पाठ अनेक ठिकाणी दिला जातो. वधस्तंभावरील लेखाचे चारही शुभवर्तमानांतील शब्द शेजारी शेजारी लिहून काढले असता ते तंतोतंत सारखे नसल्याचे दिसून येते. साक्षीदार, लेखक व त्यांचे हेतू यांविषयीची चर्चा येथून सुरू होते. स्वीडनमध्ये प्रचारात आलेल्या एका पद्धतीत वाचक न कळलेल्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह, नव्याने कळलेल्या ओळीसमोर उद्‌गारचिन्ह आणि मनाला भिडलेल्या ओळीसमोर बाण काढतो. त्यानंतर गटात या खुणांवर बोलणे होते. अबोल विद्यार्थ्यालाही त्यामुळे सहभागी होता येते. पाठांतराचा मात्र पूर्ण त्याग सुचविला जात नाही. समजून घेऊन पाठ केलेले स्तोत्र पुढे दुःखाच्या प्रसंगी आधार देते, हा परंपरेचा अनुभव आहे.

कठीण उतारे : अब्राहामाने इसहाकाला बळी देण्याची केलेली तयारी, यहोशवाच्या पुस्तकातील नगरांचा संहार, शास्ते या पुस्तकातील इफ्ताहाच्या मुलीची कथा अशा उताऱ्यांचा प्रश्न या वयात टाळता येत नाही. बालकांच्या आवृत्त्यांतून ते बहुधा गाळलेले असतात. परंतु संपूर्ण बायबल हाती आल्यावर मूल त्यांच्यापर्यंत पोहोचतेच. अशा उताऱ्यांबाबत ख्रिस्ती शिक्षकांत एकमत नाही. काही जण देवाची इच्छा मानवी बुद्धीपलीकडची असल्याचे सांगतात. काही जण ईश्वराविषयीची मानवी समज ग्रंथातच क्रमाने विकसित होत गेल्याचे मानतात. तर काही जण हे लेखन त्या काळच्या युद्धकथांच्या शैलीत वाचतात. उत्पत्तीच्या पहिल्या व दुसऱ्या अध्यायांतील निर्मितीवर्णनांचा क्रम भिन्न आहे, ही बाब विज्ञान शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. ती वर्णने शब्दशः घ्यावीत की जगाच्या अर्थाविषयीचे कथन म्हणून वाचावीत, याबाबतही पंथोपपंथांत मतभेद आहेत. शिक्षकाने प्रश्न अश्रद्धेचे लक्षण मानून थांबविल्यास मूल विचारणे सोडते, पण प्रश्न सोडत नाही. हे मत मात्र भिन्न भूमिकांच्या शिक्षणतज्ज्ञांनीही मांडले आहे.

पंथ व शासनसंस्था : प्रॉटेस्टंट पंथांत व्यक्तिगत वाचनावर, कॅथलिक पंथात उपासना व चर्चची शिकवण यांच्या चौकटीतील वाचनावर, तर ऑर्थोडॉक्स पंथात उपासनाविधी व प्रतिमा यांवर परंपरेने भर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना धर्मग्रंथ सहज उपलब्ध असावा असे सांगितल्यावर कॅथलिक धर्मशिक्षणातही बायबलवाचनाचे स्थान वाढले. अनेक चर्चमध्ये दृढीकरणाचा संस्कार याच वयात होत असल्याने त्याच्या तयारीचे वर्ग हे या अध्ययनाचे प्रमुख केंद्र असते. इंग्लंड व वेल्समध्ये १९४४ च्या कायद्याने शाळांतून धर्मशिक्षण सक्तीचे झाले. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतील भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले, मात्र वाङ्‌मय वा इतिहास म्हणून त्याचा अभ्यास करण्यास हरकत घेतली नाही. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थांतही संमतीवाचून कोणास त्यात सहभागी करून घेता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास ही संमती पालकाची असावी लागते. त्यामुळे भारतात हे कार्य मुख्यत्वे घर व चर्च यांच्याकडे आहे.

महाराष्ट्र व गोवा : १५४२ मध्ये गोव्यात आलेला फ्रान्सिस झेव्हिअर घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करी. इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स याचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला बायबलमधील कथा परिचित रूपात मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होता. त्याची कोकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच लेखकाने कथन व प्रश्नोत्तर या दोन्ही मार्गांचा अवलंब केल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये बालबोधमेवा हे मुलांचे मासिक सुरू केले. इंडिया संडे स्कूल युनियनची स्थापना १८७६ मध्ये झाली आणि रविवारच्या शाळांना अखिल भारतीय स्वरूप आले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती कीर्तन व रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची भजने यांमुळे बायबलचा आशय मराठी वळणाने घराघरांत पोहोचला.

भाषा हा येथील अध्यापनाचा कळीचा प्रश्न आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते संपूर्ण रूपात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल (२०१०) हा त्याच दिशेचा अलीकडील प्रयत्न होय. वसई परिसरात घरची बोली सामवेदी वा वाडवळी, प्रार्थनेची भाषा प्रमाण मराठी आणि अनेकांच्या शाळेची भाषा इंग्रजी असते. अशा मुलाला मराठी बायबलमधील ‘नीतिमत्त्व’, ‘प्रायश्चित्त’, ‘तारण’ हे शब्द ऐकून परिचित, पण अर्थाने दूरचे वाटतात. एकच उतारा दोन भाषांतरांत वाचून त्यातील शब्दांची तुलना करणे, हा अशा वर्गांत उपयुक्त ठरणारा उपाय आहे. दुसरीकडे मोहरीचा दाणा, खमीर, पेरणी, मेंढरे, विहिरीवरचे पाणी या प्रतिमा ग्रामीण मराठी मुलाला पाश्चात्त्य शहरी मुलापेक्षा अधिक जवळच्या असतात. हे येथील शिक्षकाचे भांडवल होय.

मूल्यमापन : किशोरांच्या बायबल अध्ययनाला आज अनेक अडचणी आहेत. रविवारच्या वर्गाला मिळणारा वेळ थोडा असतो, शालेय परीक्षांचा ताण याच वयात वाढतो, शिकविणारे बहुधा अप्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि घरात एकत्र बसून वाचण्याची प्रथा अनेक ठिकाणी क्षीण झाली आहे. सचित्र आवृत्त्या, चित्रपट व भ्रमणध्वनीवरील बायबल यांनी ग्रंथ सुलभ केला. परंतु उपलब्धता म्हणजे आकलन नव्हे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात रथात बसून यशया वाचणाऱ्या कुशी अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो की, जे वाचता ते समजते काय. तेव्हा कोणी मार्ग दाखविल्याशिवाय कसे समजणार, असे तो सांगतो. फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो आणि त्याने विचारलेल्या प्रश्नापासूनच आरंभ करतो. ग्रंथ वाचकाच्या हाती असावा, मार्गदर्शक शेजारी असावा आणि आरंभ वाचकाच्या प्रश्नापासून व्हावा, या तीन गोष्टी निरनिराळ्या पंथांतील व काळांतील यशस्वी अध्यापनात समान आढळतात.